गुरुत्वाकर्षणाविषयीचे प्रचलित गैरसमज

वस्तुमान असलेल्या कोणत्याही दोन वस्तूंमधील परस्पर ओढ म्हणजे गुरुत्वाकर्षण. वस्तुमान वाढले की ही ओढ वाढते, आणि अंतर दुप्पट झाले की ती चौथ्या हिश्श्यावर येते. याविषयीचे बरेचसे गैरसमज दोन गल्लतींतून होतात. एक, ओढ आणि शरीराला जाणवणारे वजन एकच मानणे. दुसरी, ओढ आणि दोन ठिकाणच्या ओढींमधला फरक एकच मानणे. ही दुसरी गल्लत मुंबईच्या किनाऱ्यावर सोदाहरण सोडवता येते.

जड वस्तू आधी पडते, हा सर्वांत जुना समज. दहीहंडीच्या सर्वांत वरच्या थरावर लहान मूल चढवतात, त्याचा उपयोग खालच्यांचा भार कमी होण्यापुरताच असतो. १२ मीटर उंचीवरून मोकळे पडणारे मूल आणि थोराड गोविंदा दोघेही साधारण दीड सेकंदात, ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने जमिनीवर येतील. पीस रेंगाळते ते हवेमुळे. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदमच सोडले. दोन्ही बरोबर पडले.

अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, हाही असाच पक्का समज. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक असते. स्थानक आणि अंतराळवीर दोघेही सारखेच पृथ्वीकडे पडत असतात, पण आडवा वेग इतका असतो की पृथ्वीची वक्रता चुकवत ते तिच्याभोवती फिरत राहतात. पायांखालून रेटा येत नाही, म्हणून वजन जाणवत नाही. टॉवरची लिफ्ट खाली निघताना क्षणभर पोटात गोळा येतो, त्याचेही कारण हेच.

पृथ्वी चुंबक आहे म्हणून वस्तू खेचते, हे तर सरळ चूक. कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या. गुरुत्वाकर्षणाला अशी कसलीच बाधा होत नाही. ते अडवणारा पडदाही सापडलेला नाही.

आता भरती-ओहोटी. चंद्र पाणी वर उचलतो, असे सर्रास सांगितले जाते. मग दिवसात दोन भरत्या का, आणि पवई-विहार तलावांना भरती का येत नाही, हे प्रश्न तसेच राहतात. चंद्राची ओढ पृथ्वीच्या त्याच्याकडील बाजूवर जास्त, मध्यावर त्याहून कमी आणि पलीकडच्या बाजूवर सर्वांत कमी असते. भरती येते ती या फरकामुळे, आणि म्हणूनच दोन्ही बाजूंना. पाणी जागेवरून उचलले जात नाही. महासागरभरचे पाणी आडवे सरकून या दोन्ही बाजूंना साचते. तलावाच्या दोन काठांवरच्या ओढींत जाणवण्याइतका फरक पडत नाही.

सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो, तरी भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमीच, कारण तो इतका दूर आहे की पृथ्वीच्या दोन बाजूंवरचा फरक चंद्राच्या तुलनेत कमी उरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघांचे परिणाम जुळून उधाण येते. अष्टमीच्या आसपास ते एकमेकांना छेद देतात, ती भांगाची भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब: चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, त्याच्याशी हे बऱ्यापैकी जुळते. मात्र खुल्या समुद्रात चंद्रामुळे पाण्याची पातळी जेमतेम अर्धा मीटर बदलते. मुंबईला उधाणात ती चार-पाच मीटर बदलते, ते इथल्या रुंद, उथळ समुद्रतळामुळे. सगळे श्रेय चंद्राला देण्याचे कारण नाही.

शरीरात पाणी भरपूर, म्हणून पौर्णिमेला माणसावर भरतीसारखा परिणाम होतो, असेही म्हटले जाते. चंद्र डोक्यावर असताना भरतीच्या या परिणामाने साठ किलोच्या माणसाचे वजन दहा मिलिग्रॅमनेही घटत नाही.

पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) आहे, आणि सभोवती सारखेच आकाश असताना पृथ्वी स्वतः कुठे पडणार, असा झकास प्रश्नही. त्यावरून न्यूटनचे काम आधीच झाले होते, असे म्हणता येत नाही. जमिनीवर पडणारी वस्तू आणि चंद्राची कक्षा एकाच गणिती नियमात बसली ती १६८७ मध्ये. सफरचंद डोक्यात पडल्याची गोष्ट मात्र नंतरची भर आहे.

मोठी भरती मुंबई बुडवते, ही समजूत अर्धी खरी. पावसाचे पाणी नाल्यांतून आपल्या उताराने समुद्रात जाते. भरतीची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली की उतारच उरत नाही आणि पाणी तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दुपारी भरती ४.४८ मीटरची होती. पाऊस नसेल तर एवढ्याच भरतीत बहुतेक शहर कोरडे असते. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला येथील पंपिंग स्टेशने अशा वेळी पाणी उपसून समुद्रात टाकतात.