शहराचा नंबर नेमका कोण ठरवतं?

केंद्र सरकारने २०१८ साली देशातल्या १११ शहरांची, राहायला ती किती सोयीची आहेत यावरून क्रमवारी लावली. पुणे पहिलं आलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. बंगळुरू ५८वं. पुढची क्रमवारी मार्च २०२१ मध्ये आली आणि दहा लाखांवरच्या शहरांत तेच बंगळुरू पहिलं ठरलं. एवढ्याशा काळात कुठलंही शहर इतकं बदलत नाही. बदलली होती मोजायची रीत. आधी भौतिक सुविधांना ४५ टक्के भार, म्हणजे एकूण गुणांत तेवढा वाटा होता आणि अर्थव्यवस्थेला अवघा ५. नंतर आर्थिक क्षमतेला १५ टक्के मिळाले आणि नागरिकांच्या मतांना ३०. शिवाय कुस्तीत वजनगट लावतात तसे लोकसंख्येचे दोन गट केले.

कोल्हापूर या दोन्ही याद्यांत नव्हतं. याद्यांत मुख्यतः स्मार्ट सिटी योजनेतली आणि दहा लाखांवर लोकसंख्येची शहरं होती. कोल्हापूर त्या योजनेत नव्हतं आणि २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. तरी कुठलीही यादी आली की ‘आपलं कोल्हापूर कितवं?’ हा प्रश्न निघतोच. त्या प्रश्नाला एकच उत्तर असूच शकत नाही आणि हे गणिताने दाखवता येतं.

अमेरिकेत १९८५ साली ३२९ शहरी क्षेत्रांची क्रमवारी प्रसिद्ध झाली. हवामान, घरं, आरोग्य, गुन्हेगारी, वाहतूक, शिक्षण, कला, करमणूक आणि अर्थकारण असे ९ निकष होते. पिट्सबर्ग पहिलं आलं, कॅलिफोर्नियातलं युबा सिटी शेवटचं. बेल प्रयोगशाळेतल्या बेकर, डेन्बी, मॅकगिल आणि विल्क्स या संख्याशास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी घेतली, एकही आकडा बदलला नाही, फक्त निकषांचे भार बदलून पाहिले. १९८७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: योग्य भार निवडले तर १३४ शहरं पहिल्या क्रमांकावर आणता येतात आणि १५० शहरं शेवटच्या. त्यातली ५९ शहरं तर अशी, की ती पहिलीही येऊ शकतात आणि शेवटचीही! माझ्या मते क्रमवारीची प्रत्येक बातमी वाचताना हा निकाल आठवावा, कारण कुठल्या निकषाला किती भार द्यायचा हे कुठलंही विज्ञान सांगत नाही. ते माणूस ठरवतो.

भारांच्या आधी भाजकाचा प्रश्न येतो. ‘दर लाख लोकांमागे रुग्णालयात किती खाटा’ हा आकडा घ्या. सीपीआर रुग्णालय शहरात आहे, पण तिथे राधानगरी, गगनबावड्यापासून रुग्ण येतात. शहराच्या साडेपाच लाखांनी भागलं तर कोल्हापूर श्रीमंत दिसेल. जिल्ह्याच्या ३८ लाख ७६ हजारांनी भागलं तर तोच आकडा सातपट खाली येईल. रस्त्यांचं उलट. महापालिका १९७२ साली झाली आणि पुढची पाच दशकं हद्द तिथल्या तिथेच राहिली. पाचगाव, उचगाव, मोरेवाडीची माणसं रोज कामाला शहरात येतात, त्यांच्या गाड्या शहराच्या रस्त्यांवर असतात, पण हिशेबात ती माणसं नसतात. हद्दवाढीचा वाद आपण राजकारणाचा समजतो, पण शहराचा दरडोई आकडाही त्या रेषेवरच अवलंबून आहे.

सरासरीचं तर विचारूच नका. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाणी वाढायला लागलं की सुतारवाड्यातल्या कुटुंबांना सामान बांधून चित्रदुर्ग मठात जावं लागतं. उंचावरच्या भागात घरं कोरडी असतात, पण उपसा केंद्रं बुडाल्यामुळे तिथले नळही कोरडेच. आता समजा, एका शहराला पाणीपुरवठ्यात ९०, आरोग्यात ८० आणि पूरसुरक्षेत १० गुण आहेत. दुसऱ्याला तिन्हींत ६०. दोघांची सरासरी ६०च. म्हणजे चांगला दवाखाना आहे म्हणून घरात शिरलेलं पाणी माफ! तिन्ही गुणांचा गुणाकार करून त्याचं घनमूळ काढलं, म्हणजे भूमितीमध्य घेतला, तर पहिल्या शहराला सुमारे ४२ मिळतात, दुसऱ्याला ६०च राहतात. एका बाबतीतली गंभीर उणीव दुसरीकडच्या गुणांनी सहज झाकली जात नाही. संयुक्त राष्ट्रांनी मानव विकास निर्देशांकात २०१० पासून हीच पद्धत आणली, ते योग्यच झालं.

जागतिक याद्यांचा उद्देशही पाहायला हवा. इकॉनॉमिस्ट समूहाची राहण्यायोग्य शहरांची यादी कंपन्यांना परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचा गैरसोय भत्ता ठरवायला उपयोगी पडते. त्यात राहणीमानाचा खर्च धरतच नाहीत. घरभाडं परवडतं का, हा ज्याचा रोजचा प्रश्न आहे त्याला त्या यादीत उत्तर नाही. २०१८ साली मेलबर्नचा सात वर्षांचा पहिला नंबर व्हिएन्नाने घेतला तेव्हा गुण होते ९९.१ आणि ९८.४. एवढ्याशा फरकाने कुणाचं जगणं सुधारत नाही. आणि पुरात कमरेएवढ्या पाण्यात उतरून म्हाताऱ्या माणसांना पाठीवर बाहेर काढणाऱ्या पेठेतल्या पोरांसाठी कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

म्हणून मोजणं सोडावं, असं मी म्हणणार नाही. मोजलंच पाहिजे, पण आकडे एकत्र कालवू नयेत. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०११ साली देशांसाठी ११ विषयांचा एक निर्देशांक काढला. त्यात संकेतस्थळावर जाऊन प्रत्येकाने आपले भार स्वतः ठरवायचे आणि यादी त्याप्रमाणे बदलते. कोल्हापुरात असं पान प्रभागवार करता येईल: नळाला किती तास पाणी येतं, केएमटीची बस किती मिनिटांनी मिळते, रात्री दवाखाना किती लांब, गेल्या दोन महापुरांत किती घरांत पाणी शिरलं. सुतारवाड्यातली बाई शेवटच्या रकान्याला शंभरपैकी नव्वद देईल, विद्यापीठात शिकणारी मुलगी बसला देईल, आणि दोघींच्या याद्या वेगळ्या निघतील.