लेझर प्रिंटरचा ड्रम : झीज, निदान आणि बदल

लेझर प्रिंटरमध्ये कागदावर उमटणारा मजकूर आधी ज्या गुळगुळीत, प्रकाशसंवेदी नळीवर तयार होतो, तिला ड्रम म्हणतात. बहुतेक ड्रम हिरवे किंवा निळसर दिसतात. आत ॲल्युमिनियमची पोकळ नळी असते आणि तिच्यावर सेंद्रिय प्रकाशसंवेदी द्रव्याचे थर चढवलेले असतात. सर्वांत वरच्या थराची जाडी साधारण २० ते ३० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. ड्रम झिजतो म्हणजे हा थर झिजतो.

पुण्यातल्या पेठांमध्ये दर चार दुकानांआड दिसणारी ‘झेरॉक्स’ ही पाटी याच तंत्राची आहे. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर पहिली कोरडी प्रत काढली. झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी या यंत्राला लेझरची जोड दिली. १९८४ साली आलेल्या एचपी लेझरजेटमध्ये ड्रम आणि टोनर (म्हणजे छपाईची बारीक भुकटी) एकाच कार्ट्रिजमध्ये, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या डब्यात, होते, त्यामुळे ड्रम बदलणे ग्राहकाच्या हातात आले.

चार्ज रोलर (काही यंत्रांत कोरोना तार) ड्रमवर साधारण उणे ६०० व्होल्टचा भार देतो. लेझर जिथे पडतो तिथला भार उतरतो आणि टोनरची भुकटी तेवढ्याच जागी चिकटते. पुढे ट्रान्सफर रोलर ती कागदावर ओढून घेतो आणि फ्यूजर उष्णतेने वितळवून पक्की करतो. ड्रमवर उरलेली भुकटी रबरासारखी वायपर ब्लेड खरवडून वेस्ट बिनमध्ये टाकते. ड्रमचे आयुष्य खाते ते मुख्यतः हे रोजचे घासणे.

ब्रदर कंपनीच्या अनेक छोट्या प्रिंटरांत ड्रम वेगळा असतो आणि त्याचे आयुष्य सुमारे १२,००० पाने सांगितले जाते. हा आकडा शब्दशः धरू नये. प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर ड्रम रिकामा फिरतो. त्यामुळे शिवाजीनगर न्यायालयाच्या आसपास एकेक पान छापणाऱ्या टेबलावरचा ड्रम, एका दमात २०० पानांच्या नोट्स काढणाऱ्या दुकानातल्या ड्रमपेक्षा कमी पानांत थकतो. ‘ड्रम बदला’ असा संदेश आला तरी मोजणी फिरण्याची झालेली असते, थर कोणी तपासलेला नसतो. छपाई स्वच्छ असेल तर नवा ड्रम आणून ठेवावा आणि जुना चालू द्यावा.

निदानासाठी लागणारे सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे शाळेतली फूटपट्टी. पानावर एकच ठिपका उभ्या ओळीत पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन ठिपक्यांमधले अंतर मोजावे. एचपीच्या १२ए आणि ८८ए कार्ट्रिजमधला ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा आहे, म्हणून त्याचा परीघ साधारण ७५ मिलिमीटर भरतो. ठिपके दर ७५ मिलिमीटरला, म्हणजे ए-४ पानावर तीन-चार वेळा आले, तर ओरखडा किंवा डाग ड्रमवरच आहे. ३० मिलिमीटरच्या ड्रमसाठी हेच अंतर ९४ येते. अंतर वेगळे निघाले तर दोष दुसऱ्या एखाद्या रोलरचा असतो, आणि ड्रमवर खर्च केलेले पैसे वाया जातात.

पानाच्या कडेला काळा पट्टा येऊ लागला तर ड्रमच्या टोकाचा थर उडाला आहे असे बहुधा समजावे. तिथे नखाएवढ्या जागेत चकचकीत धातू उघडा दिसतो. सलग बारीक उभी रेघ असेल तर ड्रमवर चर पडली आहे किंवा वायपर ब्लेडला खाच आहे. मात्र रेघ फक्त झेरॉक्स काढताना येते आणि संगणकावरून छापताना येत नाही, तर ड्रम निर्दोष आहे, स्कॅनरची काच पुसावी. सगळे पान राखाडी पडत असेल तर झिजलेला ड्रम, मळलेला चार्ज रोलर, भरलेली वेस्ट बिन आणि न जुळणारी रिफिल भुकटी असे चारही संशयित तपासावे लागतात.

पावसाळ्यात आणखी एक गफलत होते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांजवळच्या दुकानांत जुलैमध्ये उघड्यावर राहिलेले रिम ओल धरते, छपाई फिकी आणि ठिगळासारखी येते, आणि ठपका ड्रमवर बसतो. आधी नवे रिम फोडून दोन पाने काढून पाहावीत.

शंका उरलीच तर छपाई अर्ध्यावर असताना झाकण उघडून कार्ट्रिज बाहेर काढावे. ड्रमवर अजून न उतरलेला मजकूर स्वच्छ दिसत असेल तर दोष पुढच्या टप्प्यात, ट्रान्सफर किंवा फ्यूजरमध्ये आहे.

ड्रम वेगळा असेल तर बदलणे सोपे : जुने युनिट काढायचे, त्यातले टोनर नव्यात बसवायचे, मोजणी शून्यावर आणायची. एकत्र कार्ट्रिजमध्ये मात्र बाजूच्या पिना काढून दोन भाग सुटे करावे लागतात. वेस्ट बिन रिकामी करावी, चार्ज रोलर किंचित ओल्या फडक्याने पुसून पूर्ण सुकू द्यावा. मग ब्लेडच्या कडेला आणि नव्या ड्रमला वंगण भुकटीचा, तीही नसेल तर टोनरचा, पातळ हात द्यावा. घाईत ही पायरी बहुतेक जण गाळतात. मग कोरडी ब्लेड पहिल्याच फेरीत उलटते आणि नवाकोरा ड्रम खरवडला जातो. बसवल्यावर गिअर धरून ड्रम योग्य दिशेने हाताने दोन-तीन वेळा फिरवावा. तो अडकत नसेल तरच झाकण लावावे.

हिरव्या भागाला बोट लावू नये, त्वचेचे तेल पानावर डाग होऊन उमटते. ऊन तर ड्रमला अजिबात चालत नाही. नवा ड्रम शेवटच्या क्षणापर्यंत काळ्या पिशवीतच ठेवावा. सांडलेली भुकटी घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये, इतके बारीक कण गाळणीतून पार होऊन हवेत पसरतात. हात थंड पाण्याने धुवावेत, गरम पाण्याने टोनर चिकटून बसतो. काढलेला ड्रम आणि कार्ट्रिज घरच्या सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यावे.