आज्जीचं ताक आणि मेंदूतला उद्या

आमच्याकडं लातूरच्या औसा तालुक्यात येळवस म्हणजे दिवाळीच्या वरताण सण. मार्गशीर्षातली अमावस्या, गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात, कडब्याची कोप, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गार आंबट आंबील. आता आंबिलीला ताक आधीच धरून ठेवावं लागतं, त्यामुळं माझी आज्जी चार दिवस आधीपासून आईच्या मागं लागायची, "ताक ठिवलंस का गं?"

तीन वर्षांखाली तिनं ते विचारलंच नाही. सकाळी काय खाल्लं ते विसरते हे आमच्या ध्यानात आलं होतं, वय झालं म्हणून सोडून दिलं होतं, पण परवा काय आहे हे पण तिच्या हातातून सुटत चाललंय हे त्या ताकामुळं कळलं. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला आणि मग मी रात्र रात्र वाचत बसलो.

मेंदूत दोन्ही बाजूंना आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो आणि अल्झायमर बहुतेक वेळा त्याच्या आसपासच सुरू होतो. तो आठवणींचा भाग हे आपण ऐकलेलं असतं, पण तोच भाग उद्याचं चित्र जुळवायला पण लागतो हे मला माहीतच नव्हतं. कॅनडात के. सी. या नावानं ओळखला जाणारा एक पेशंट होता, 1981 मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला मार बसला. बुद्धिबळ खेळायचा, बोलणं व्यवस्थित, पण आपल्या आयुष्यात घडलेला एक पण प्रसंग त्याला आठवेना. एन्डेल टुलव्हिंग या शास्त्रज्ञानं त्याला विचारलं, उद्या काय करणार? त्याला काहीच दिसेना, मन कोरं. काल जसा कोरा तसाच उद्या.

2007 मध्ये लंडनमध्ये डेमिस हसाबिस, एलेनॉर मग्वायर वगैरे मेंदूच्या शास्त्रज्ञांनी हिप्पोकॅम्पस खराब झालेल्या पाच जणांना सांगितलं, समुद्रकिनाऱ्यावर पडलायत अशी कल्पना करा आणि काय काय दिसतं ते सांगा. पाचातल्या चौघांना सुटे तुकडे सांगता आले पण सलग देखावा काही उभा राहिना. (हेच हसाबिस, ज्यांना पुढं 2024 ला प्रोटीनच्या कामासाठी केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.)

आता आठवण जर नुसती साठवायचीच असती तर मेंदूनं ती फोटोसारखी जशीच्या तशी ठेवली असती, पण तसं होत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, किल्लारीचा भूकंप. आमचे बाबा ती रात्र दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी थोडी वेगळी सांगतात, मी लहान असताना त्यांना आजोबांनी हलवून उठवलं होतं, आता ते बैलांच्या हंबरण्यानं आपले आपण उठतात. बाबा खोटं बोलत नाहीत. आठवण दरवेळी नव्यानं जुळवली जाते, आणि डॅनियल शॅक्टर, डोना अॅडिस या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की तुकडे असे सुटे राहतात म्हणूनच त्यांच्यापासून कधी न घडलेलं, पुढं घडू शकेल असं चित्र बांधता येतं. मला हे एकदम पटतं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, घागरी घेऊन टँकरच्या लायनीत जे उभारले ते लोक आज पाऊस चांगला झाला तरी बोअरला किती पाणी राहील याचा हिशोब आधी करतात, त्या लायनीचा तुकडाच त्यांना पुढचा उन्हाळा दाखवतो.

म्हणून 'फक्त आजमध्ये जगा' असले रील बघितले की मला राग येतो. ज्याच्याकडं फक्त आजच उरलाय असं माणूस मी घरात बघतोय, ते सुख नाही ओ. पण त्यात खरं पण काहीतरी आहे, 2010 मध्ये किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2250 लोकांना फोनवरून अधूनमधून विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठाय? जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि असं भटकलेलं मन एकंदरीत कमी खूश होतं. मात्र भटकून चांगल्या गोष्टीकडं गेलं असेल तर नाही, तेव्हा माणसं हातातल्या कामात असतात तेवढीच खूश होती. त्यामुळं मागंपुढं जाण्यानं काही बिघडत नाही, तिथं जाऊन आपण काय उगाळत बसतो त्यानं बिघडतं.

मागच्या येळवशीला आज्जीला शेतात नेलं. आंबिलीचा पेला नाकाजवळ गेला आणि ती थांबली. वासाचा रस्ता मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागाला फार जवळून जातो, बाकीची इंद्रियं वळसा घालून पोचतात. एक घोट घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय." मग सासऱ्यांनी विहीर खांदली तेव्हाचं बराच वेळ सांगत बसली, नावानिशी, कुणी किती पाट्या उचलल्या ते पण. मी विचारलं, पुढच्या येळवशीला काय करायचं आज्जी? ती माझ्याकडं बघत राहिली आणि पेला पुढं केला, अजून घाल म्हणून.

यंदा चार दिवस आधी ताकाचं मीच विचारलं.