शर्टाचं बटण लागत नाही, आणि दुखतेय मान

मान आखडली की आपण उशी बदलतो, शेक देतो, बाम चोळतो. बहुतेक मानदुखी स्नायू-सांध्यांची असते आणि काही आठवड्यांत ओसरते. म्हणून सरसकट सगळ्यांचा एमआरआय काढू नये. वयाबरोबर न दुखणाऱ्या मानेतही मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसतातच. अहवाल वाचून माणूस उगाच धास्तावतो.

मागे दडलेला मोठा आजार हुडकायचा तो आधी प्रश्नांनी. चांगला डॉक्टर विचारतो, शर्टाची बटणं लागतात का? चालताना तोल जातो का? मानेचा आणि बटणांचा काय संबंध, असं वाटेल. पण मेंदूकडून हातापायांकडे जाणारा मज्जारज्जू मानेच्या 7 मणक्यांमधूनच खाली उतरतो. झिजेमुळे ती वाट अरुंद झाली की रज्जू दाबला जातो. अशा वेळी मान फारशी दुखतही नाही, आणि मला सर्वांत भीती वाटते ती याचीच. अक्षर बिघडतं, हातातून कप सुटतो, पायातली चप्पल निसटलेली कळत नाही. घरचे म्हणतात, वय झालं! एक साधी चाचणी आहे. 10 सेकंदांत मूठ किती वेळा पूर्ण उघडता-मिटता येते ते मोजायचं. निरोगी माणसाला साधारण 20 वेळा किंवा त्याहून जास्त जमतं. संख्या कमी भरली म्हणजे रज्जूच दाबला गेलाय असं नव्हे, संधिवातानेही तसं होतं. पण तपासून घ्यायलाच हवं. फार काळ दबलेला रज्जू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ववत होईलच असं नाही.

आपल्याकडे क्षयही विसरून चालत नाही. मणक्याच्या क्षयाचं वर्णन पर्सिव्हल पॉट या ब्रिटिश शल्यविशारदाने 1779 मध्ये केलं, आणि आजही तो भारतात सर्रास भेटतो. खोकला नसतानाही. रात्री ठणकणारी मान, संध्याकाळची कणकण, उतरत चाललेलं वजन ही त्याची चाहूल. पूर्वी कर्करोग झालेला असेल तर तेही न विचारता सांगावं.

पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखू लागली आणि वय 65 किंवा अधिक असेल, तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन टाळू नये.

कधी मानेतली रक्तवाहिनी आतून फाटते. अचानक, पूर्वी कधीच न झालेली वेदना. सोबत एकाच्या दोन वस्तू दिसणं, जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं. तेव्हा थेट रुग्णालय गाठावं. आणि केस कापून झाल्यावर न्हावी मान कडकन मोडायला सरसावला, तर त्याला तिथेच थांबवा; त्या झटक्यानेही ही रक्तवाहिनी फाटू शकते.