मातीच्या धरणाचे पिचिंग

मातीच्या धरणाच्या पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मारा झेलण्यासाठी हाताने रचलेला दगडांचा थर म्हणजे पिचिंग. समुद्रकाठी हे काम खारफुटी करते. तिच्या मुळाखोडांत शिरून लाट मोडते आणि १०० मीटर रुंदीच्या पट्ट्यात लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी घटते. मराठवाड्यातल्या जलाशयांत मात्र पाणी पावसाळ्यात कित्येक मीटर चढते आणि उन्हाळ्यापर्यंत उतरते, त्यामुळे काठाशी असा झाडोरा टिकत नाही. इथे दगडच लागतो.

लाटेची उंची वाऱ्याचा वेग आणि मोकळ्या पाण्यावरची त्याची धाव यांवर ठरते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा भराव सुमारे १० किमी लांब आहे आणि त्याचा जलाशय, नाथसागर, त्याच्या पश्चिमेला पसरलेला आहे. धरण भरत येते त्याच दिवसांत वाराही पश्चिमेकडचा असतो, म्हणजे लाटा थेट भरावावर येतात. ताशी ८० किमी वारा आणि २५ किमी धाव धरली, तर मोलिटर-स्टीव्हनसन सूत्राने लाट सुमारे १.६ मीटर येते. धाव १ किमीच असेल तर तोच वारा जेमतेम ०.८ मीटरची लाट उठवतो.

उतार साधारण अडीचास एक किंवा तीनास एक (आडवे अडीच किंवा तीन मीटर गेले की उंची एक मीटर) असतो. आधी तो चोपून सारखा करतात, त्यावर वाळूचा व मग खडीचा थर (प्रत्येकी सुमारे १५ सेंमी) आणि शेवटी ३० सेंमी किंवा अधिक जाडीचा दगड. काळा पाषाण उत्तम; झिजका, भुसभुशीत दगड दोन-तीन पावसाळ्यांत फुटतो. काम पायथ्यापासून वर नेतात, कारण वरची रचना खालच्या टोवर (पायथ्याच्या दगडी आधारावर) उभी असते. दगडाची लांब बाजू उतारात आत जाईल असा तो उभा बसवायचा, फटींत चिपा ठोकायच्या. दगड आडवा पसरला की क्षेत्रफळ लवकर भरते आणि मोजणीत काम चांगले दिसते, पण लाट तो सहज उचलते. फटींत सिमेंटही भरायचे नाही. कालव्याला पाणी सोडल्यावर पातळी झपाट्याने उतरते, तेव्हा भरावातले पाणी बाहेर पडायला वाट हवी. नाहीतर ते मागून अस्तर ढकलते.

सगळ्यात जास्त चोरी होते ती वाळू-खडीच्या थराची, कारण दगडाखाली तो कुणाला दिसत नाही. हा थर नसला की परतणारी लाट फटीतून माती ओढून नेते. वरून पिचिंग शाबूत दिसते, आत पोकळी होते. मग एक दगड खचतो आणि आधार सुटल्याने वरच्या रांगा घसरतात. छोट्या पाझर तलावांवर असे खड्डे पुष्कळ दिसतात. अशा खड्ड्यात वरून दगड टाकून भागत नाही. भोवतालचे दगड काढून पक्क्या मातीपर्यंत उकरावे, मुरूम १५ सेंमीच्या थरांनी पाणी मारून चोपावा, वाळू-खडी घालावी आणि मगच दगड रचावा.

फटींत उगवलेली वेडी बाभूळ रोप असतानाच मुळासकट उपटावी. मोठे झाड तोडले तर मुळे भरावात कुजतात आणि त्यांच्या नळ्यांतून पाणी वाट काढते. भरावाच्या कोरड्या बाजूला, जिथे लाट नसते, हरळी पुरते. पावसाच्या ओघळींपासून ती माती धरून ठेवते.