पातं किती शिरेल, हे हात ठरवत नाही

जळगाव-भुसावळकडे कमरेला चॉपर लावून फिरणाऱ्या पोराला विचारलं, तर उत्तर बहुधा ठरलेलं : "नुसता धाक दखाडाले ठेयेल शे, भो." वेळ आलीच तर कितपत लागू द्यायचं, ते आपल्या हातात आहे, असं त्याला वाटतं. न्यायवैद्यकशास्त्राचा अनुभव उलटा आहे.

हाड सोडलं तर चाकूला सगळ्यात जास्त अडवते ती कातडी. भरताचं वांगं सुरीनं टोचून पाहा. साल क्षणभर ताण धरते. एकदा फुटली की पातं गरात सहज उतरतं. माणसाचंही तसंच. ब्रिटिश न्यायवैद्यक तज्ज्ञ बर्नार्ड नाइट यांनी १९७५ साली हेच मांडलं : टोक अणकुचीदार असेल, तर लागणारा जोर अगदी थोडा असतो. कातडी फुटल्यावर हात आवरायला वेळच उरत नाही. त्यात समोरचा झटापटीत पुढे आला, तर त्याचंही वजन पात्यावर पडतं. 'मारायचं नव्हतं' हे अनेकदा खरंही असेल. पात्याला त्याचं काय?

'मांडीवर मारलं तर काही होत नाही' हा आणखी एक घातक समज. मांडीतून मोठी रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी, जाते. ती कापली गेली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. मोठ्या माणसात रक्त असतं साधारण ५ लिटर. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून, ठोके वाढवून बराच वेळ तग धरतं. म्हणून जखमी पोरगा 'ठीक आहे मी' म्हणत बोलत राहतो आणि एकाएकी कोसळतो.

दोस्त बघत असले की या वयात धोका जास्त पत्करला जातो, हे प्रयोगांतही दिसलंय. म्हणून बाचाबाचीतून मित्राला ओढून बाजूला नेणारा एकजण टोळक्यात असणं मोलाचं.

वार झालाच, तर १०८ला फोन करा. स्वच्छ कापड जखमेवर जोरानं दाबून धरा. भिजलं तर न काढता वर दुसरं ठेवा. रुतलेला चाकू उपसू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. हळद भरू नका, पाणी पाजू नका. 'केस होईल' म्हणून दवाखाना टाळू नका. पोलिसांचे सोपस्कार व्हायची वाट न पाहता डॉक्टरनं आधी उपचार केले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच बजावलंय.