ब्रिटनची ड्रग्ज कौन्सिल आणि जनावरांच्या डॉक्टरची खुर्ची
ब्रिटनमध्ये ड्रग्जबद्दल सरकारला सल्ला देणारी जी कौन्सिल आहे, एसीएमडी, तिच्यावर कोणाला घ्यायचं यावरून दर काही वर्षांनी राडा होतो. मूळ १९७१ च्या मिसयूज ऑफ ड्रग्ज ॲक्टमध्ये. कमीत कमी २० मेंबर, नेमणूक गृहमंत्र्यांच्या हातात, आणि एखादं ड्रग यादीत टाकायचं किंवा काढायचं तर आधी कौन्सिलला विचारणं सक्तीचं. विचारणं हं, ऐकणं नाही, मेख तिथेच आहे.

गंमत म्हणजे खुर्च्यापण कायद्यातच ठरवलेल्या होत्या. डॉक्टर, डेंटिस्ट, जनावरांचा डॉक्टर, फार्मसीवाला, औषध कंपन्यांतला कोणीतरी, रसायनशास्त्रज्ञ, प्रत्येकी निदान एक, शिवाय व्यसनांचे सामाजिक प्रश्न जवळून पाहिलेले लोक.

मग आले कौन्सिलचे अध्यक्ष प्रा. डेव्हिड नट. जानेवारी २००९ मध्ये सरकारने कौन्सिलचा सल्ला धुडकावून गांजा परत सी मधून बी क्लासमध्ये (म्हणजे जास्त कडक शिक्षेच्या वर्गात) टाकला होता, नट अध्यक्ष असूनही उघड बोलत राहिले की दारू आणि सिगारेट गांजा-एलएसडीपेक्षा जास्त घातक आहेत, शेवटी ऑक्टोबरमध्ये गृहमंत्री ॲलन जॉन्सन यांनी त्यांना घरी पाठवलं आणि मागोमाग राजीनामेच सुरू झाले. मार्च २०१० मध्ये, नेमकं मेफेड्रोन बंदीचं (मुंबईत पुढे एमडी, म्याव म्याव म्हणून गाजलेलं तेच, आपल्याकडे २०१५ मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं) घाटत असताना डॉ. पॉली टेलर बाहेर पडल्या. त्या व्हेट, म्हणजे जनावरांच्या डॉक्टर होत्या! आता व्हेटच नाही तर कौन्सिल कायदेशीर आहे का, तिचा सल्ला चालेल का, असा पेच. सरकारने रेटलं आणि १६ एप्रिलला बंदी आणली.

पुढे २०११ च्या कायद्याने ती खुर्च्यांची यादीच काढून टाकली. कारण दिलं लवचिकतेचं, पण माझ्या मते त्यातून मंत्र्यांचा हात आणखी मोकळा झाला. २०१९ मध्ये ड्रग्ज कायद्यांवर काम करणाऱ्या रिलीज या संस्थेच्या प्रमुख नीव्ह ईस्टवूड यांचं कौन्सिलसाठीचं नाव सरकारवर टीका करणाऱ्या ट्विट्सवरून अडवलं गेलं, आणि नेमणुकीत असं राजकीय गाळण चालतंय म्हणून आधीच मेंबर असलेले प्रा. ॲलेक्स स्टीव्हन्स यांनी राजीनामा दिला.